लेकरू रिकाम्या हातानं पाठवू नये

माझ्या सासूबाईंना कानडीतला एक शब्द फार आवडायचा. साकु. म्हणजे पुरे. ताटात भाजी पडली की साकु, पाहुणा गप्पांत रंगला की साकु, देवापुढं मी दोनाच्या तीन उदबत्त्या लावल्या तरी साकु. अशा बाईच्या घरी माझ्यासारखी सून यावी, ही देवाचीच थट्टा म्हणायची. माझा हात पहिल्यापासून सैल. अक्कलकोटकडच्या माझ्या माहेरी दारात आलेल्याला वाढताना कुणी मापटं शोधत बसत नसे, आणि तीच सवय पदराला बांधून मी सोलापुरात, भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आले.

मी सांगते आहे ते सत्तरच्या दशकातलं, दुष्काळ नुकता मागं पडला होता तेव्हाचं. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन माणसांच्या तोंडाची चव गेली होती. आमचे हे गिरणीत पाळीवर. भोंगा झाला की जायचे, भोंगा झाला की यायचे. मधल्या वेळात घरात मी आणि सासूबाई. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या घरी पाळणा हलला नव्हता. लोक हे माझ्या तोंडावर बोलत नसत, माझी पाठ वळली की बोलत. माझे कान तिखट होते, त्याला कोण काय करणार!

गल्लीतली निम्मी घरं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. पुरुष मागावर, बायका विडीच्या कारखान्यात. सकाळी काखेत सूप मारून त्या निघायच्या, आणि मांडीवर ते सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नव्हतं त्या लेकराला सोबत न्यायच्या. ते पोर तंबाखूच्या खकाण्यात दिवसभर खोकत बसायचं. एकदा शेजारणीनं तापातलं मूल माझ्याकडं ठेवलं. संध्याकाळी ती आली तेव्हा ते माझ्या मांडीवर गाढ झोपलेलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते पुन्हा आणलं, सोबत जावेचंही एक. बघता बघता आमचा पुढचा सोपा पोरांनी भरून गेला. पाळणाघर हा शब्द आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता. 'अक्काकडं ठेवलंय' एवढंच म्हणायच्या, आणि पगाराच्या दिवशी पदराची गाठ सोडून जमेल ते हातावर ठेवायच्या.

त्या पैशानं घराला हातभार लागेल, असं सासूबाईंना वाटलं होतं. लागला हातभार, पण मंगळवार बाजारातल्या खेळणीवाल्याला. पिकल्या दाढीचा तो म्हातारा मला लांबूनच ओळखायचा. "आव भाबी आव, नवा माल आया! बच्चे लोगां खुस होते!" म्हणून असा काही हाकारा करायचा की आसपासच्या बाया वळून बघायच्या, आणि मग रिकाम्या हातानं परतायची मलाच लाज वाटायची. खुळखुळे आले, भिंगऱ्या आल्या, लाकडी भातुकली आली, पत्र्याचा ढोल आला. चालायला शिकणाऱ्यांसाठी पांगुळगाडा आला. एक असताना दुसराही आला, कारण दोन पोरं एकदमच उठून उभी राहायला लागली होती. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा प्लॅस्टिकचा मग. पाट्या, पेन्सिली, रंगीत खडूंचे डबे. त्या रंगीत खडूंनी पोरं भिंत रंगवायची आणि सासूबाई ती फडक्यानं पुसायच्या, पुसता पुसता म्हणायच्या, "साकु गं बाई, साकु. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!"

मी सासूबाईंना म्हणायची, "हौसेला मोल नसतं, आत्या."

"हौसेला नसतं, खडूला असतं की."

त्यांचं खरं होतं. पण मला कुणी विचारलं असतं, की बाई, तुला एवढी खेळणी कशाला लागतात, तर माझ्याकडं उत्तर होतं. पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जातात. खेळणी माझ्याकडं राहतात. दिवा लावून झाला की मी सोप्यात बसून ती गोळा करायची. चाक निखळलेली गाडी, ओला झालेला खुळखुळा, भातुकलीच्या पातेल्यात कुणीतरी शिजवलेली माती. तेवढा वेळ ते घर लेकुरवाळ्या बाईचं वाटायचं. मग नवीन खेळणं आणायचा मोह कसा आवरणार? तो मी आवरलाच नाही.

त्यात माझ्या माहेरची एक रीत. तिन्हीसांजेला घरातून लेकरू जाताना त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. गुळाचा खडा द्यावा, चार शेंगदाणे द्यावेत, पण हातावर काहीतरी ठेवावं. माझ्या आईनं हे पाळलं, तिच्या आईनं पाळलं. मीही सुरुवात गुळापासूनच केली. पण नुसता गूळ देऊन माझं समाधान होईना. गुळाची पेपरमिंट झाली, पेपरमिंटची शिट्टी झाली, शिट्टीचा रबरी चेंडू झाला. संध्याकाळी माझ्या दारातून वरात निघाल्यागत पोरं पिपाण्या वाजवत जायची आणि मी उंबऱ्यात उभी राहून धन्य व्हायची.

आणि बाया परतफेड करायच्या. शेजारणीकडून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. चेंडू गेला की सकाळी पोराबरोबर शेंगाचटणीची पुडी यायची. भिंगरी गेली की चिंचेच्या भाताचा डबा. मला वाटायचं, काय जीव लावतात या बाया मला! मी तो भात चाटून पुसून खायची आणि संध्याकाळी पुढची भिंगरी द्यायची.

या पोरांत एक मुलगी होती, तीनेक वर्षांची. तिचा बाप भिवंडीला मागावर काम करायला गेला होता, पैसे पाठवायचा तर पाठवायचा. आई कारखान्यात. ही पोर सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. बोलायची फार कमी, निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. मी भाकरी थापायला बसले की माझ्या मागून येऊन टेकायची, आणि भाकरी झाली की माझा हात ओढून घेऊन मनगटातल्या बांगड्या एकेक करून फिरवत बसायची. मला बाकीची पोरंही आवडायची, खोटं कशाला बोलू, पण ती आली नाही तर मला दिवस खायला उठायचा. अशी माया लावू नये परक्याच्या लेकरावर, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग?

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली. मी ह्यांच्यामागं लागून गेले आणि पाळण्यात बसायच्या पैशांतून एक कचकड्याची बाहुली घेतली. आडवी केली की डोळे मिटणारी, उभी केली की उघडणारी. आमचे हे शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "आईला काय सांगणार?" मी म्हटलं, ते मी बघून घेते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाहुली मी त्या पोरीच्या हातात दिली. तिनं ती आडवी केली, उभी केली, पुन्हा आडवी केली, आणि छातीशी धरून आईबरोबर गेली. तिची आई मात्र हसली नाही. मला वाटलं, दमली असेल.

तिसऱ्या दिवशी ती आई पोरीला सोडायला आली ती पदराखाली काहीतरी घेऊन. इरकली खण होता, जांभळ्या रंगाचा, घडीच्या रेघा पडलेला. "घ्या अक्का," म्हणाली. खण नको म्हणू नये, म्हणून मी कुंकू लावून घेतला. त्या दिवशी पोर राहिली. पुढच्या दिवसापासून ती आलीच नाही.

आधी वाटलं, आजारी असेल. मग गल्लीतल्या बाईनं सांगितलं, की आजारी कुठली, आई तिला रोज कारखान्यात नेते आहे, सुपाशेजारी बसवते, पोरगी खोकून खोकून लाल होते. चांगलं सोप्यात खेळणारं लेकरू उचलून कुणी तंबाखूत का नेऊन बसवेल? याचं एकच कारण मला सुचलं, आणि ते मला माझ्या पाठीमागं बोलणाऱ्या बायांनीच शिकवलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं असणार, की वांझेनं लेकराला एवढी महागाची बाहुली दिली, म्हणजे लक्षण ठीक नाही, नजर लागेल. सोप्यात बाकीची पोरं दंगा घालत होती, नवा ढोल बडवत होती, आणि मी त्यांच्यावर पहिल्यांदाच खेकसले. सासूबाई दारातून बघत होत्या, पण त्या दिवशी त्या साकु म्हणाल्या नाहीत.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी मी चप्पल घातली आणि तिच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. मागच्याच बोळात एक खोली. ती दारातल्या उजेडात बसून विडीची पानं कापत होती. पानावर पत्र्याचा साचा ठेवायचा, कात्री फिरवायची, कापलेलं पान सुपात, उरलेलं कात्रण खाली. पोरगी त्या कात्रणांत बसली होती. मला बघून ती उठली नाही, आईकडं बघू लागली. बाहुली फळीवर उभी होती, गळ्यापर्यंत कागदात गुंडाळून, डोळे उघडे.

मी उभ्यानंच तोफ डागली. "लेकरू का पाठवंनास? माझी नजर लागंल म्हणून? तोंडावर बोल की. तंबाखूत बसवायला चालतंय, माझ्या घरी चालत न्हाई?"

तिच्या हातातली कात्री थांबली. "अय्यो! काय बोलता अक्का तुमी? नजर कसली?"

"मग काय झालं?"

ती उठली, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी पुढं ओढली आणि झाकण उघडलं. आत एक जुनेर होतं, बाकी पेटीचा तळ.

"तुमी शिट्टी दिली, मी शेंगा दिल्या," ती म्हणाली. "तुमी चेंडू दिला, मी नारळ दिला. भावली दिली, तवा माझ्या लग्नातला खण दिला. आता पेटीत काय न्हाय अक्का. पोरगी तुमच्याकडं आली की सांजच्याला काय तरी घिऊन येणार. मी काय दिऊ? तुमीच सांगा. कारखान्यात कुणी काय देत न्हाय, म्हणून तितं नेती."

मी मटकन खाली बसले. लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण त्याआधी मला आनंद झाला, हे सांगायलाच हवं. माझ्या नजरेची भीती कुणाला नव्हती. मी इतकी वर्षं ज्या शब्दाला घाबरत होते तो शब्द या बाईच्या मनातही नव्हता. तिला भीती होती ती माझ्या भिंगऱ्यांची आणि पिपाण्यांची. मी देत सुटले होते आणि ती बिचारी माझ्या मागं धावून धावून दमली होती. तिची रीत खरी, माझीही रीत खरी, आणि दोघींच्या रीतींत सापडून लेकरू खोकत होतं.

एवढ्यात पोरीनं खोकून घेतलं आणि पुन्हा कात्रणांत हात घातला. तिनं गोलसर कात्रणं वेगळी काढली होती. एक तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं थापत होती, मग उलटवून जमिनीवर ठेवत होती. माझ्यागत. थापताना मान जरा डावीकडं कलती करायची माझी सवय, तीसुद्धा तिनं उचलली होती.

"हे कात्रण तुमी काय करता?" मी विचारलं.

"काय करणार? चुलीत घालतो."

"मला लागतंय. नुसत्या पानाचं, तंबाखू लागल्यालं नको. रोज सकाळी पोरीसंगं मूठभर पाठव. माझ्या सोप्यातल्या सगळ्या पोरांना पुरंल. ती भावलीबी आण, तितंच राहू दे, सगळी मिळून खेळतील. आन् सांजच्याला मी कुणाला काय देणार न्हाई. शपथ."

"ह्यो कचरा?" ती माझ्याकडं बघत राहिली. मी थट्टा करते आहे का ते ती बघत होती. मग तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "उद्या पाठवती."

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता चांगली आरती होणार. त्या म्हणाल्या, "सोनारानं कान टोचलं ते बरं झालं. मी टोचत हुते, तर तुला सासुरवास वाटत हुता." आणि स्टूल आणून मला माळ्यावर चढायला लावलं.

निम्म्याहून जास्त खेळणी आम्ही माळ्यावर टाकली. एक पांगुळगाडा आणि भातुकली खाली ठेवली, बाहुली दुसऱ्या दिवशी यायची होती. ढोल वर जाताना मला वाईट वाटलं. तो ढोल चांगला होता, आजही मी तेच म्हणेन. मंगळवार बाजाराला मी जायची, पण भाजीच्या बाजूनं वळसा घालून, कारण त्या म्हाताऱ्याचा हाकारा ऐकला की माझी खात्री नव्हती. बायांना मी सांगून टाकलं, की आता माझ्याकडं काही पाठवायचं तर घरात पडलेलं पाठवा. मागवाल्यांच्या घरून सुताच्या रिकाम्या कांड्या आल्या, जाड कागदाचे कोन आले, चिंध्या आल्या. पोरांनी कोनांची देवळं केली, कांड्यांची आगगाडी केली. पेन्सिलीची बोटाच्या पेराएवढी थोटकं मी बोरूच्या नळीत खोचून देऊ लागले. आणि ज्या सासूबाई सोप्यात यायच्या त्या फक्त भिंत पुसायला, त्या एका दुपारी ज्वारीची चिपाडं सोलत बसल्या आणि त्यांनी बैलगाडी करून दाखवली, जू, बैल, चाकं सगळं. पोरं त्यांच्या अंगावर चढून बघत होती. मी आतून म्हटलं, "आत्या, साकु!" त्यांनी मान वर केली नाही. त्यांना दुसरी गाडी करायची होती.

बायांची तोंडंही सैल झाली. आधी लेकरू घेऊन जाताना त्या माझ्याशी जरा जपून बोलायच्या, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता त्या उंबऱ्यात टेकून चार गोष्टी बोलून जाऊ लागल्या. तो जांभळा खण मी परत केला नाही. परत करणं म्हणजे त्या पोरीच्या आईच्या तोंडावर मारणं झालं असतं. मी त्याची चोळी शिवून घेतली आणि ती बाई पोरीला न्यायला यायच्या वेळी मुद्दाम घालून दारात उभी राहिले. तिनं चोळीकडं बघितलं. पदर सारखा करून ताठ चालत गेली.

पण त्याआधीची एक संध्याकाळ सांगायची राहिली, पोर परत आली त्याच दिवसाची. सकाळी ती फडक्यात बांधलेलं कात्रण घेऊन आली आणि काहीच झालं नाही अशा थाटात माझ्यामागं येऊन टेकली. दिवस चांगला गेला. दिवेलागण झाली तशी माझी पंचाईत सुरू झाली. पोरं एकेक करून निघाली, सवयीनं माझ्यापुढं तळहात पसरायची, आणि मी त्या तळहातावर नुसता हात फिरवून पाठवायची. गुळाचा खडासुद्धा नाही, शपथ म्हणजे शपथ. आईची आठवण येत होती. तिच्या रीतीला मी तिन्हीसांजेच्या वेळी मोडता घालत होते. शेवटी ती पोर निघाली. तिनं हात पुढं केला नाही. आईचं बोट धरून पायऱ्या उतरली, गल्लीच्या वळणापर्यंत गेली. मी दाराला हात लावून उभी होते. आत खेळणी गोळा करायलाही फारशी नव्हती.

तिथून ती परत वळली. आई हाका मारत होती, तरी पळत आली, पायरी चढली, माझा हात ओढून घेतला, उताणा केला आणि त्यावर मुठीत चुरगळलेलं पानाचं एक गोल कात्रण ठेवलं.

"तुज्या हातात काय न्हाय की," म्हणाली, आणि गेली.

मी तिथंच उभी. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय दिलं गं तिनं?"

मी मूठ मिटून घेतली. म्हटलं, "भाकरी."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मग खा की. गार व्हायच्या आत."